युनियन पॅसिफिक + नॉरफोक सदर्न : अमेरिकेला या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत एकच मालवाहू रेल्वे हवी का?

प्रेअरीवाट (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या मालगाड्यांवर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही. पण सध्या इथे जे चालले आहे त्याचा निर्णय एकदा झाला की तो पुन्हा फिरवता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

२९ जुलै २०२५ रोजी युनियन पॅसिफिकने नॉरफोक सदर्न विकत घेण्याचा करार जाहीर केला. सौदा ८५ अब्ज डॉलरचा. नॉरफोक सदर्नच्या प्रत्येक शेअरमागे युनियन पॅसिफिकचा एक शेअर आणि वर ८८.८२ डॉलर रोख. नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडच्या भागधारकांनी जवळपास एकमुखाने होकार दिला. डिसेंबरमध्ये सुमारे ७,००० पानांचा अर्ज सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे, म्हणजे रेल्वेवरच्या केंद्रीय नियामक मंडळाकडे, गेला (पुढे नुसते 'बोर्ड' म्हणते) आणि १६ जानेवारी २०२६ रोजी बोर्डाने तो अपुरा ठरवून परत पाठवला. ३० एप्रिल २०२६ पर्यंत नवा अर्ज आणू, असे कंपन्यांनी त्यावर कळवले.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे रूळ, जमीन, इंजिने, यार्डे हे सगळे खासगी कंपन्यांच्या मालकीचे असते. १९८० च्या सुमारास मोठ्या कंपन्या चाळीसच्या आसपास होत्या, आज सहा उरल्या आहेत. पश्चिमेत युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेत नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स, आणि दोन मूळच्या कॅनडातल्या. मिसिसिपी नदी ही ढोबळ सीमारेषा. युटामधल्या प्रोमॉन्टरीला १८६९ मध्ये सोन्याचा खिळा ठोकून पूर्व-पश्चिम रूळ जोडले गेले खरे, पण दोन्ही किनाऱ्यांना पोचणारी एकच कंपनी या देशात अजून झालेली नाही. हे विलीनीकरण झाले तर ती होईल: ४३ राज्ये आणि ५०,००० मैलांहून जास्त मार्ग.

आता याचा उपयोग काय? लॉस एंजेलिसला उतरलेला कंटेनर पेनसिल्व्हेनियाला जायचा आहे असे धरा. युनियन पॅसिफिक तो शिकागोजवळ जोलिएटच्या यार्डात आणते. नॉरफोक सदर्नची यार्डे शहराच्या दक्षिण भागात, ४७ व्या रस्त्यापाशी, लँडर्सला, कॅल्युमेटला. काही गाड्या थेट रुळांवरून पलीकडे जातात, पण बरेच कंटेनर क्रेनने उतरवून ट्रकवर चढवतात, शहरातून पलीकडच्या यार्डात नेतात आणि पुन्हा गाडीवर चढवतात. दोन हजार मैल रेल्वेने आलेला माल शेवटी शिकागोच्या वाहतूक कोंडीत उभा. वाघिणींचे त्याहून किचकट: गाडी तोडा, डबे वेगळे करा, बेल्ट रेल्वे या शिकागोतल्या जोडरेल्वेच्या क्लिअरिंग यार्डातून पलीकडे द्या, मग तिकडे नवी गाडी बांधली जाईल. यात दिवस जातो, कधी दोन.

मी इलिनॉयमध्ये मालवाहतुकीच्या नियोजनात काम करते आणि हा खोळंबा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून 'एकच कंपनी झाली तर ही देवघेव वाचेल' हा दावा मला पोकळ वाटत नाही. दुसरा मुद्दा तर मला त्याहून मोलाचा वाटतो. ओहायोतून मिसूरी किंवा आयोवाला जाणारा माल घ्या. पूर्वेच्या कंपनीचा प्रवास नदीपाशी संपतो, पश्चिमेच्या कंपनीला पुढचे जेमतेम दोनतीनशे मैल मिळतात. इतक्या कमी अंतरासाठी गाडी बांधणे तिला परवडत नाही. परिणामी नदीच्या दोन्ही बाजूंच्या या मोठ्या पट्ट्यातला माल जवळजवळ सगळा ट्रकनेच जातो. तो रुळावर आला तर महामार्ग, हवा, इंधन सगळ्यांचेच भले आहे. वर्षाला वीस लाख ट्रकफेऱ्या रस्त्यावरून कमी होतील, असे कंपन्या म्हणतात.

तरीही माझे मत विरोधात आहे. निदान आजच्या रूपातल्या प्रस्तावाच्या. फायदा खरा आहे, पण तो माल पाठवणाऱ्याच्या वाट्याला येईल याची हमी कुठेच लिहिलेली नाही. आणि एका कंपनीच्या रुळावर अडकलेल्या गिऱ्हाइकाला कागदावर नसलेले काहीही कधी मिळालेले नाही.

चर्चेत भर घाला. विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा.

---

भुसावळ_यार्ड

फार चांगला धागा. मध्य रेल्वेत परिचालन विभागात आयुष्य गेले, त्यामुळे राहवत नाही.

ताई, तुमचे क्लिअरिंग यार्डाचे वर्णन वाचून हे सांगावेसे वाटते की मालक एक झाला म्हणजे देवघेव संपते असे नाही. आपल्याकडे १९५१ पासून मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वे भारत सरकारच्याच. तरी जळगावला पश्चिमेकडून उधना मार्गाने येणारी गाडी मध्य रेल्वेकडे जाते तो इंटरचेंज पॉइंटच असतो. किती गाड्या दिल्या, किती घेतल्या, याचा रोजचा हिशेब. समोरचा विभाग तुंबला असेल तर तो गाडी घेत नाही, ती आपल्या हद्दीत उभी राहते. रात्री कंट्रोलवर त्यावरून वाद होतात. मालक एक, पण ज्याचा त्याचा विभाग आणि ज्याचे त्याचे आकडे.

तेव्हा प्रश्न हा की खोळंबा मालकीमुळे होतो की जागेमुळे? शिकागोत रूळच कमी पडत असतील, यार्डांची क्षमता नसेल, कर्मचारी नसतील, तर पाटी बदलून गाडी सुटणार नाही. नव्या लाइनी, नवी यार्डे यावर किती खर्च करणार ते अर्जात आहे का?

---

प्रेअरीवाट

काका, हाच प्रश्न इथले शेतमाल आणि रसायनवाले विचारत आहेत. गुंतवणुकीचे आकडे अर्जात होते. भर मात्र शिकागोला बगल देऊन मेम्फिस, कॅन्सस सिटी, सेंट लुईस अशा दक्षिणेकडच्या ठिकाणांहून गाड्या थेट नेण्यावर होता. गाडी आधीच लांबवर बांधून मध्ये न तोडता नेणे, हे मालक एक असले तर खरोखर सोपे जाते. पण दोन वेगळ्या कंपन्यांनीही करार करून ते आज केलेले आहे. बीएनएसएफ आणि सीएसएक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये विलीन न होताच किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत कंटेनरची जोडसेवा जाहीर केली. त्यासाठी कुणी कुणाला विकत घेतले नाही.

---

बायूकाठ

ह्यूस्टनहून लिहितो आहे. १९९७ चे नाव अजून निघाले नाही म्हणून लिहायला बसलो.

युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली तेव्हाही अशीच वचने होती. वेगवान सेवा, कमी खर्च, थेट गाड्या. जुलै १९९६ मध्ये बोर्डाने मंजुरी दिली. स्पर्धा राहावी म्हणून बीएनएसएफला सुमारे ४,००० मैल मार्गावर गाड्या चालवायचे हक्क दिले गेले. कागदावर सगळे चोख होते.

सदर्न पॅसिफिक आतून किती खिळखिळी झाली आहे, याचा अंदाज मात्र घेणाऱ्यांना आला नव्हता. १९९७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनचे एंगलवूड यार्ड भरले. यार्ड भरले म्हणून येणाऱ्या गाड्या बाहेरच्या लूप लाइनवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांवर, उभ्या केल्या. लूप भरल्या म्हणून मुख्य मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना ओलांडायला जागा उरली नाही. कायद्याने इथे चालकवर्गाला बारा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणून उभ्या गाडीतच त्यांचे तास संपायचे. त्यांना आणायला गाडी पाठवा, बदली माणसे पाठवा, तीही पुढे जाऊन अडकायची. इंजिने अडकलेल्या गाड्यांना लावलेली, त्यामुळे सुटू शकणाऱ्या गाड्यांना इंजिन नाही. टेक्सासातली ही गाठ हळूहळू कॅलिफोर्निया आणि नेब्रास्कापर्यंत आवळत गेली.

गल्फ किनाऱ्यावरच्या प्लास्टिक कारखान्यांची गोष्ट वेगळी समजून घ्यावी लागते. त्यांचा माल, म्हणजे प्लास्टिकचे दाणे, कारखान्यातून थेट हॉपर वाघिणीत पडतो. कोठार असे नसतेच, वाघीण हेच कोठार. रिकाम्या वाघिणी परत आल्या नाहीत की दोनचार दिवसांत यंत्र थांबवावे लागते. ट्रकने न्यावा तर एका वाघिणीला चार ट्रक लागतात, तेवढे ट्रक असतात कुठे.

३१ ऑक्टोबर १९९७ ला बोर्डाला आणीबाणीचा सेवा आदेश काढावा लागला. टेक्स-मेक्स या छोट्या रेल्वेला ह्यूस्टनमधला माल उचलायची मुभा दिली गेली. आदेश पुढच्या ऑगस्टपर्यंत चालला. १९९७ मध्येच युनियन पॅसिफिकवर जीवघेणे अपघातही झाले आणि केंद्रीय सुरक्षा निरीक्षकांना तिथे तळ ठोकावा लागला.

तेच पुन्हा होईल असे मी म्हणत नाही. आजची युनियन पॅसिफिक वेगळी आहे. पण १९९६ ला जे लोक 'या वेळी तयारी पूर्ण आहे' म्हणत होते तेही प्रामाणिकपणेच म्हणत होते.

---

लॉंगहॉल

मी विलीनीकरणाच्या बाजूने आहे, आणि माझ्याकडे दोघांपैकी कुणाचाही शेअर नाही.

१९९७ चे उदाहरण दर वेळी दिले जाते, पण तो दोन समांतर रेल्वेंचा संयोग होता. एकाच प्रदेशात दोघांचे रूळ, एकाच शहरात दोन यार्डे. इथे तसे नाही. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे, टोकाला टोक जुळते आहे. २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न असेच टोकाला टोक जोडून एक झाले. आज कॅनडा ते मेक्सिको एक गाडी जाते.

शिवाय स्पर्धा रेल्वेची रेल्वेशी आहे असे धरून आपण बोलतो आहोत. खरी स्पर्धा ट्रकशी आहे. ट्रकवाला दार ते दार एक दर सांगतो, एक जबाबदार माणूस देतो, माल कुठे आहे ते फोनवर दाखवतो. रेल्वेकडे गेलात तर दोन कंपन्या, दोन दर, आणि उशीर झाला की एकमेकांकडे बोट. उद्या चालकाविना ट्रक महामार्गावर सर्रास आले तर रेल्वेचा उरलासुरला कंटेनर धंदाही जाईल. कोळसा तर कमी होतोच आहे. नुसते आहे ते सांभाळत बसलो तर ही रेल्वे हळूहळू आक्रसत जाईल.

आणि विरोधात सर्वांत मोठा आवाज बीएनएसएफचा आहे, हेही लक्षात घ्या.

---

प्रेअरीवाट

@लॉंगहॉल, ट्रकचा मुद्दा मला पूर्ण पटतो, कंटेनरपुरता. कंटेनरला पर्याय आहे. क्लोरीनला नाही. धान्याच्या शंभर वाघिणींना नाही. ज्या कारखान्याच्या दारात एकाच कंपनीचा रूळ येतो त्याला ट्रकचे उदाहरण सांगून काय उपयोग?

टोकाला टोक या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. समजा टेक्सासच्या किनाऱ्यावर एका कारखान्याच्या दारात युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ दोघींचे रूळ येतात. त्याचे गिऱ्हाईक ओहायोत, आणि तिथे पोचते फक्त नॉरफोक सदर्न. आज तो पश्चिमेच्या दोघींकडून दर मागवतो, नॉरफोक सदर्नला दोघीही सारख्या. विलीनीकरणानंतर ओहायोतला शेवटचा टप्पा युनियन पॅसिफिकच्याच हातात. बीएनएसएफने आणलेला माल पुढे न्यायला ती कोणता दर सांगेल? नकाशावर एकही मार्ग कमी झालेला नसेल, तरी त्या कारखान्याचा पर्याय गेलेला असेल.

त्यासाठीच २००१ चे नियम आहेत. १९९९ मध्ये पूर्वेतल्या कॉनरेल या मोठ्या रेल्वेची नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्सने वाटणी केली तेव्हा पूर्वेत असाच गोंधळ झाला. लगेच बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनलने विलीनीकरण जाहीर केले, तेव्हा लिंडा मॉर्गन यांच्या अध्यक्षतेखालच्या बोर्डाने मार्च २००० मध्ये सगळ्या मोठ्या विलीनीकरणांवर पंधरा महिन्यांची स्थगिती घातली. ते दोघे मागे हटले आणि जून २००१ मध्ये नवे नियम आले. तोवर 'स्पर्धेला धक्का लागत नाही' एवढे दाखवले की पुरत असे. आता स्पर्धा वाढेल हे दाखवावे लागते. कॅन्सस सिटी सदर्न लहान म्हणून तिला या नियमातून सूट होती, म्हणजे २०२३ ची मंजुरी जुन्या नियमांखालची. नव्या नियमांची ही पहिलीच परीक्षा. त्यामुळे या प्रकरणात बोर्ड 'स्पर्धा वाढणे' म्हणजे काय मानेल, तोच पुढे कायमचा पायंडा पडेल.

बीएनएसएफचा स्वार्थ आहे, मान्य. पण जो मुद्दा ते मांडतात तोच अमेरिकन केमिस्ट्री कौन्सिल ही रसायन कंपन्यांची संघटनाही मांडते आणि ती मंडळी तर या सगळ्या रेल्वेंची गिऱ्हाइके आहेत.

---

शेवटचा_डबा

वाचतो आहे, खूप नवे कळले. प्रवासी गाड्यांवर परिणाम होईल का? मागे न्यू यॉर्कहून न्यू ऑर्लिअन्सला गेलो होतो, गाडी बरीच रखडली होती.

---

भुसावळ_यार्ड

मलाही हेच विचारायचे होते. आपल्याकडे राजधानी आली की मालगाडी लूपला जाते, त्यात प्रश्नच नसतो.

---

प्रेअरीवाट

कायदा इथेही तसाच आहे. अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीच्या, गाडीला मालगाडीपेक्षा प्राधान्य द्यायलाच हवे. पण रूळ मालवाहू कंपनीचे, नियंत्रण तिचे. तुम्ही म्हणता त्याच मार्गावरच्या 'क्रेसेंट' गाडीला वारंवार उशीर होतो म्हणून २०२४ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने नॉरफोक सदर्नवर खटला भरला होता. त्यात आता मालगाड्या दोन-दोन मैल लांब झाल्या आहेत. बाजूच्या लूप लाइनी तेवढ्या लांब नाहीत. मग लूपला जाणार कोण? जी तिथे मावते ती, म्हणजे प्रवासी गाडी. विलीनीकरणानंतर लांब गाड्या वाढणारच, म्हणून मला हा प्रश्न गौण वाटत नाही.

---

ब्रेकमन

कर्मचाऱ्यांबद्दल कुणीच लिहिले नाही. माझे शेजारी कंडक्टर आहेत, म्हणजे आपल्या भाषेत गार्ड, त्यांच्याशी बोलून लिहितो आहे.

गेल्या दशकात हंटर हॅरिसन या रेल्वे कंपन्यांच्या दिवंगत प्रमुखांच्या पद्धतीची लाट सगळ्या कंपन्यांत आली. कमी गाड्या, लांब गाड्या, कमी यार्डे, कमी माणसे. मोठ्या रेल्वेंची सहा वर्षांत सुमारे २९ टक्के माणसे कमी झाली, हे बोर्डाच्या त्या वेळच्या अध्यक्षांनीच जाहीरपणे सुनावले होते. २०२२ मध्ये संपाची वेळ आली ती आजारपणाची पगारी रजाही नाही म्हणून. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून करार लादला तेव्हा संप टळला.

या पार्श्वभूमीवर संघटना दुभंगल्या आहेत. कंडक्टरांची मोठी संघटना, स्मार्ट-टीडी, आधी विरोधात होती. नोकरी कायम राहील अशी लेखी हमी मिळाल्यावर ती पाठिंब्याला आली. टीमस्टर्स या मोठ्या कामगार महासंघाकडच्या इंजिनचालकांच्या आणि रूळ देखभालवाल्यांच्या संघटना विरोधातच आहेत. मी पाठिंबा देणाऱ्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात दोन मुले शिकताहेत त्याला कागदावरची हमी सोडवत नाही. पण ती हमी आज कामावर असलेल्यांना आहे. निवृत्त होतील त्यांच्या जागा भरणार का, हा प्रश्न तिथे सुटत नाही. आणि देखभालीतला माणूस कमी झाला की त्याचा परिणाम चारपाच वर्षांनी रुळावर दिसतो.

इंडियानातल्या हॅमंड गावात उभ्या मालगाडीखालून वाकून शाळेला जाणाऱ्या मुलांची छायाचित्रे २०२३ मध्ये देशभर गाजली. गाडी तासन्‌तास फाटकावर उभी, कारण पुढे यार्डात जागा नाही आणि गाडी इतकी लांब की सगळी फाटके अडतात. बोर्डाने आधी अशी गावे मोजावीत, मग ट्रकफेऱ्या.

---

मोनोंगाहेला

पिट्सबर्गहून. ओहायोतले ईस्ट पॅलेस्टाइन हे गाव इथून जेमतेम तासाभरावर. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री नॉरफोक सदर्नचे ३८ डबे घसरले, एका चाकाचे बेअरिंग तापून निकामी झाल्यामुळे. तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइडच्या पाच टाक्या मुद्दाम फोडून जाळल्या गेल्या. ते जाळणे गरजेचे नव्हते, असा निष्कर्ष नंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानेच काढला. रहिवाशांशी ६० कोटी डॉलरची तडजोड झाली.

माझी मागणी साधी आहे. त्या गावाला दिलेला प्रत्येक शब्द, पाण्याची तपासणी, आरोग्याची सोय, हे सगळे नव्या कंपनीवर बंधनकारक आहे असे मंजुरीच्या आदेशातच लिहिलेले असावे. कायद्याने देणी आपोआप पुढे जातात हे मला ठाऊक आहे. पण मुख्यालय अटलांटातून ओमाहाला गेल्यावर फोन कोण उचलणार, हे गावकऱ्यांना आज कळले पाहिजे.

---

कोकणपट्टा

थोडे अवांतर. आपल्याकडेही कोकण रेल्वेचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण व्हायचे आहे. गोवा, कर्नाटक, केरळने आधी संमती दिली, महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये दिली, 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे आणि राज्याचे गुंतलेले पैसे परत मिळावेत या अटींवर. कारण मात्र उलटे आहे. तिथे नफा आणखी वाढावा म्हणून, इथे दुपदरीकरणाला लागणारा पैसा महामंडळाकडे नाही म्हणून. अटी आधी लिहून घ्याव्यात, हे दोन्हीकडे सारखेच लागू.

---

लॉंगहॉल

@प्रेअरीवाट, ओहायोच्या उदाहरणावर विचार केला. तो मुद्दा खरा आहे हे मान्य करतो. पण त्यावर उपाय मनाई नसून अट आहे: बीएनएसएफ किंवा इतर कुणी आणलेला माल पुढे न्यायचा दर ठरावीक सूत्राने बांधून टाकावा. अशी अट असेल तर तुमचा विरोध राहील का?

आणि राजकारणाचे काय? राष्ट्राध्यक्षांनी हा सौदा आपल्याला चांगला वाटतो असे उघड म्हटले आहे.

---

प्रेअरीवाट

त्याची मला काळजी वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये बोर्डाचे सदस्य रॉबर्ट प्रायमस यांना पदावरून काढले. २०२३ च्या विलीनीकरणाला विरोधात मत देणारे ते एकटेच होते. पाच जणांच्या बोर्डात त्यानंतर तिघेच उरले. तरीही त्याच तिघांनी जानेवारीत एकमताने अर्ज परत पाठवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विलीनीकरणानंतर बाजारात कुणाचा किती वाटा असेल याचा अंदाज नियमाप्रमाणे द्यायला हवा होता, तो नीट दिला नव्हता. कराराचा काही भागही जोडला नव्हता. ७,००० पानांत नेमके तेवढेच नसावे, याचे मला नवल वाटले.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: दर बांधलेला असेल, तो कायमचा असेल, सगळ्या प्रकारच्या मालाला लागू असेल आणि मोडल्यास दंड आपोआप लागत असेल, तर माझा विरोध बराच मावळेल. पाच वर्षांनी संपणारी अट मला नको. शिवाय सेवेचे आकडे, म्हणजे यार्डात डबा किती तास थांबतो, गाडीचा सरासरी वेग, रिकाम्या वाघिणी परत यायला लागणारा वेळ, हे विलीनीकरणाआधीचे गोठवून ठेवावेत आणि त्याखाली घसरले की दुसऱ्या रेल्वेला त्या रुळांवर येण्याचा हक्क मिळावा. १९९७ ला टेक्स-मेक्सला तो हक्क मिळाला, पण सगळे ठप्प झाल्यावर. तो आधीच लिहून ठेवायला काय हरकत आहे?

---

बायूकाठ

याला पूर्ण अनुमोदन. फक्त रिकाम्या वाघिणींचा आकडा प्रदेशानुसार मागा. देशाची सरासरी छान दिसते आणि गल्फ किनारा तुंबलेला असतो.

---

भुसावळ_यार्ड

आणि यार्डात डबा किती तास थांबला ते मोजताना घड्याळ कुठे सुरू होते ते विचारा. गाडी बाहेर सिग्नलला उभी असताना ते सुरू होत नसेल तर आकडा नेहमीच चांगला येतो. आम्ही तेच करत असू.

एक शंका उरली. हे मंजूर झाले तर बीएनएसएफ आणि सीएसएक्सही एक होतील ना? मग देशात दोनच उरतील.

---

प्रेअरीवाट

काका, घड्याळाचा मुद्दा लिहून ठेवला. बोर्डाकडे मत पाठवायला कुणालाही मुभा आहे, मी पाठवीन तेव्हा हा घालते.

दोनच उरतील ही भीती इथे सगळ्यांनाच आहे. आपल्यामागून आणखी कोणती विलीनीकरणे ओढवतील याचाही विचार अर्जदारांनी मांडलाच पाहिजे, असे २००१ चे नियम सांगतात. बीएनएसएफची मालकी असलेल्या बर्कशायरने आपल्याला सध्या खरेदीत रस नसल्याचे सांगितले आहे, पण समोरचा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पोचला की ते किती काळ थांबतील? नव्या अर्जात मी सर्वांत आधी हेच प्रकरण उघडणार आहे, आणि त्यानंतर बाजारातल्या वाट्याचे तक्ते. अर्ज आला की आकडे इथेच टाकते. बायूकाठ, गल्फचा भाग तुम्ही वाचाल का? प्लास्टिकच्या वाघिणींबद्दल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते.

---

बायूकाठ

वाचतो. टेक्सास आणि लुइझियाना माझ्याकडे.